मेव्हनचे प्रोजेक्ट रिपोर्ट: आमच्या पर्वरीच्या टीममध्ये पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात आमच्या पर्वरीच्या ऑफिसात दर वर्षी पावसाच्या तोंडावर दोन-तीन नवी मुलं रुजू होतात. फर्मागुडीहून शिकून आलेली असोत की म्हापशाची, जावा त्यांना बरी येते. पण ‘प्रोजेक्टचे रिपोर्ट काढून ठेव’ म्हटलं की मेव्हन या जावा प्रोजेक्ट बांधणाऱ्या साधनाच्या पॉम फाइलीपुढे, म्हणजे प्रोजेक्टची सगळी मांडणी लिहिलेल्या फाइलीपुढे, सगळी सारखीच अडतात. तेच प्रश्न तोंडी किती वेळा सोडवायचे, म्हणून हे पान. उदाहरणाला आमचंच देवस्थान-हिशेबाचं सॉफ्टवेअर घेतलं आहे: एक पालक प्रोजेक्ट आणि त्याखाली ‘गाभा’, ‘पावत्या’, ‘वेब’ अशी तीन मॉड्यूल्स.

टॅग, कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. पॉममध्ये आणि टर्मिनलवर ती रोमन लिपीतच टाकायची, कॅपिटल-स्मॉल सांभाळून.

रिपोर्ट नक्की बनवतं कोण? मेव्हन, साइट प्लगइन की आणखी कुणी?

कामं वाटलेली आहेत. एकेक पान लिहिणारे प्लगइन, म्हणजे मेव्हनला जोडायचे छोटे प्रोग्राम, वेगळे: प्रोजेक्टची माहिती ‘प्रोजेक्ट-इन्फो-रिपोर्ट्स’ लिहितो, टेस्टचा निकाल ‘शुअरफायर-रिपोर्ट’, कव्हरेज (टेस्टनी किती कोड चालवून बघितला ते) ‘जॅकोको’, कोडची शिस्त ‘चेकस्टाइल’. ही सगळी पानं गोळा करून त्यांना मेनू, मथळा आणि एकसारखं रूप देतो तो ‘साइट’ प्लगइन. छापखान्यातला बाईंडरच म्हणा. मजकूर त्याचा नसतो, पण तो नसला तर सुटे कागदच हातात येतात.

मेव्हनमध्ये तीन लाइफसायकल, म्हणजे ठरावीक क्रमाने चालणाऱ्या कामांच्या साखळ्या, असतात: क्लीन (जुनं पुसणं), डीफॉल्ट (कंपाइल, टेस्ट वगैरे) आणि साइट. ‘एमव्हीएन साइट’ ही कमांड तिसरी लाइफसायकल चालवते आणि तयार पानं ‘टार्गेट’ फोल्डरातल्या ‘साइट’मध्ये ठेवते. ही लाइफसायकल तिसरी आणि स्वतंत्र आहे, एवढं आत्ताच डोक्यात ठेवा. खालचे निम्मे प्रश्न तिथूनच उगवतात.

प्लगइन ‘बिल्ड’खाली लिहू की ‘रिपोर्टिंग’खाली?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. रिपोर्ट साइटवर दिसायला हवा असेल तर प्लगइन ‘रिपोर्टिंग’मध्ये आलाच पाहिजे. फक्त ‘बिल्ड’मध्ये लिहिलात तर साइट त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही.

सेटिंगची गोष्ट जरा वाकडी आहे. मेव्हन ३ वर ‘एमव्हीएन साइट’ चालवलं की ‘रिपोर्टिंग’मधलं कॉन्फिगरेशन लागू होतं आणि जोडीला ‘बिल्ड’मधलंही घेतलं जातं. पण तोच रिपोर्ट थेट गोलच्या (प्लगइनमधल्या एका ठरावीक कामाच्या) नावाने मागवला, म्हणजे समजा ‘एमव्हीएन चेकस्टाइल:चेकस्टाइल’ म्हटलं, तर ‘रिपोर्टिंग’मधलं काहीच वाचलं जात नाही, फक्त ‘बिल्ड’ बघितलं जातं. म्हणून एकाच मशीनवर, एकाच पॉमने, एकदा आमच्या नियमांचा रिपोर्ट येतो आणि एकदा मूळ नियमांचा. गेल्या वर्षी एक मुलगा दीड दिवस यावर अडून बसला होता. रोज संध्याकाळी त्याचा रिपोर्ट बरोबर यायचा आणि सकाळी चुकायचा. सकाळी तो घाईत थेट गोल चालवायचा आणि संध्याकाळी पूर्ण साइट, एवढाच फरक.

आमची पद्धत अशी: दोन्हीकडे लागणारं कॉन्फिगरेशन ‘बिल्ड’मधल्या ‘प्लगइनमॅनेजमेंट’मध्ये एकदाच लिहायचं, आणि ‘रिपोर्टिंग’मध्ये फक्त प्लगइनचं नाव, आवृत्ती आणि कोणते रिपोर्ट हवेत ते.

इंटरनेटवरच्या जुन्या उत्तरांत साइट प्लगइनच्या कॉन्फिगरेशनमध्येच ‘रिपोर्टप्लगइन्स’ नावाची यादी लिहिलेली सापडेल. २०१०च्या सुमारास मेव्हन ३ नवीन होतं, तेव्हाची ती तडजोड. आता तिच्या वाटेला जाऊ नका.

काहीच न लिहिता साइट चालवली तर पानांचा ढीग आला. निम्मी पानं रिकामी. असं का?

‘रिपोर्टिंग’ मोकळं असलं की साइट प्लगइन प्रोजेक्ट-इन्फो-रिपोर्ट्स आपणहून जोडतो. आणि प्लगइनला ‘अमुकच रिपोर्ट दे’ असं सांगितलं नाही तर तो आपल्याकडचे सगळे देतो: मेलिंग लिस्ट, सीआय (आपोआप बिल्ड-टेस्ट करणारी यंत्रणा), इश्यू ट्रॅकर, डिस्ट्रिब्यूशन, सगळे. पॉममध्ये त्यांची माहितीच नसली की पानावर ‘अशी कुठलीही माहिती दिलेली नाही’ या अर्थाचं एक वाक्य छापलं जातं. असं पान ग्राहकाला पाठवणं म्हणजे रिकामं ताट वाढण्यासारखं.

उपाय ‘रिपोर्टसेट्स’. प्लगइनखाली ‘रिपोर्टसेट्स’, त्यात एक ‘रिपोर्टसेट’, त्यात ‘रिपोर्ट्स’, आणि त्यात प्रत्येकी एका ‘रिपोर्ट’ टॅगात गोलचं नाव. देवस्थान-हिशेबात आम्ही पाचच ठेवलेत: इंडेक्स, टीम, डिपेंडन्सीज (वापरलेल्या लायब्रऱ्या), डिपेंडन्सी-कन्व्हर्जन्स (एकाच लायब्ररीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या) आणि एससीएम (कोड कुठे ठेवला आहे ते). माझं मत विचाराल तर बाकीचे कुणी उघडत नाही. आपणहून जोडलं जाणारं काहीच नको असेल तर ‘रिपोर्टिंग’खाली ‘एक्स्क्लूडडीफॉल्ट्स’ ट्रू करा.

जुन्या पॉममधून नावं उचलत असाल तर जपून. प्लगइनच्या ३.०.० आवृत्तीत काही गोलांची नावं बदलली: ‘प्रोजेक्ट-टीम’चं ‘टीम’ झालं, ‘लायसन्स’चं ‘लायसन्सेस’, ‘सीआयएम’चं ‘सीआय-मॅनेजमेंट’. जुनं नाव ठेवलंत तर असा गोलच नाही म्हणून बिल्ड अडतं.

‘टीम’ पानाबद्दल एक सूचना. डेव्हलपरांचे ईमेल पॉममध्ये असतील तर ते जसेच्या तसे पानावर येतात, आणि ‘शोअवतारइमेजेस’ मूळचंच चालू असल्याने त्या ईमेलवरून ग्रॅव्हतार या फोटो पुरवणाऱ्या सेवेकडे फोटो शोधला जातो. बाहेर जाणाऱ्या साइटवर आम्ही हे बंद ठेवतो आणि ईमेल लिहीतच नाही.

‘नोक्लासडेफफाउंडएरर’ येतो आणि त्यात ‘डॉक्सिया… साइटरेंडरर… डॉक्युमेंटकंटेंट’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. कोड तर मी बदललाच नाही!

तुमच्या कोडचा संबंधच नाही. साइट प्लगइनची आवृत्ती तुम्ही लिहिलेली नाही, एवढाच अर्थ. मेव्हन ३ च्या बऱ्याच आवृत्त्या न सांगता साइट प्लगइन ३.३ घेतात. इकडे प्रोजेक्ट-इन्फो-रिपोर्ट्सची आवृत्तीही लिहिलेली नसते, तेव्हा तो सगळ्यात नवा उतरवला जातो. नव्या प्लगइनला डॉक्सियाचा (पानं रचणाऱ्या लायब्ररीचा) जो क्लास लागतो तो ३.३ सोबतच्या जुन्या डॉक्सियात नाहीच. भांडण त्या दोघांचं, मार तुम्हाला.

‘बिल्ड’मध्ये साइट प्लगइन ३.७.१ किंवा त्यापुढचा लिहा, आणि ‘रिपोर्टिंग’मधल्या प्रत्येक प्लगइनला आवृत्ती द्या. कुणाला नवं काय आलंय ते ‘एमव्हीएन व्हर्जन्स:डिस्प्ले-प्लगइन-अपडेट्स’ सांगतो. आवृत्ती न लिहिलेला रिपोर्ट प्लगइन आमच्याकडे रिव्ह्यूत पास होत नाही. शुक्रवारी चाललेली साइट सोमवारी आपोआप मोडण्याचं दुसरं मोठं कारण माझ्या पाहण्यात नाही.

ग्राहकाच्या ऑडिटरने ‘वापरलेल्या लायब्रऱ्यांचे परवाने’ मागितलेत. ‘लायसन्सेस’ पान पाठवलं तर चालेल ना?

नाही! आम्ही नेमकं हेच केलं होतं. चवथीची सुट्टी दोन दिवसांवर, ऑडिटरचा मेल, मेनूत ‘लायसन्सेस’ नावाचं पान दिसलं, पीडीएफ केली, पाठवली आणि घरी गेलो. सुट्टीवरून परत आलो तर उत्तर येऊन पडलेलं: ‘यात एकच परवाना आहे, आणि तो तुमचाच आहे.’

‘लायसन्सेस’ पान पॉममधला ‘लायसन्सेस’ टॅग वाचतं, म्हणजे तुमच्या स्वतःच्या प्रोजेक्टचा परवाना. दुसऱ्यांच्या लायब्रऱ्यांचे परवाने ‘डिपेंडन्सीज’ पानावर असतात. वर थेट डिपेंडन्सींचे तक्ते, खाली ट्रान्झिटिव्ह (त्या लायब्रऱ्यांनी सोबत आणलेल्या), मग कोण कुणामुळे आलं त्याचं झाड, आणि त्याही खाली परवान्यानुसार गट पाडलेली यादी. तिथपर्यंत स्क्रोल करायचा कंटाळा केला, तो आम्हाला भोवला.

ती यादी प्रत्येक लायब्ररीच्या पॉममध्ये लिहिलेल्या नावावरून बनते. एकाच परवान्याचं नाव कुणी ‘अपाची २.०’ असं लिहितो, कुणी पूर्ण लांबलचक, म्हणून एकाचे तीन गट दिसतात. काही लायब्रऱ्यांनी परवाना लिहिलेलाच नसतो. त्यांचा गट वेगळा पडतो आणि त्यांचा परवाना हाताने शोधावा लागतो. ऑडिटरला नीट कागद द्यायचा असेल तर मोजोहाउसच्या ‘लायसन्स-मेव्हन-प्लगइन’चा ‘थर्ड-पार्टी-रिपोर्ट’ घ्या. त्यात नावं एकत्र करता येतात आणि हरवलेले परवाने वेगळ्या फाइलीत भरून ठेवता येतात. आम्ही ती फाइल गिटमध्येच ठेवतो.

‘डिपेंडन्सी-इन्फो’ नावाचंही एक पान असतं, त्याने फसू नका. त्यावर फक्त तुमचं जार दुसऱ्याने आपल्या पॉममध्ये कसं जोडायचं तो तुकडा असतो.

‘डिपेंडन्सी-कन्व्हर्जन्स’ पान लाल होतं. घाबरायचं का?

घाबरू नका, पण वाचा. आमच्या पाच पानांत हेच पान मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

मेव्हनला एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या सापडल्या की तो झाडात जवळची उचलतो. अंतर सारखं असेल तर पॉममध्ये आधी लिहिलेली. नवी-जुनी तो बघत नाही. म्हणून ‘पावत्या’ मॉड्यूल जेसन लायब्ररीची नवी आवृत्ती वापरतंय असं तुम्ही धरून चालता, आणि दुसऱ्या कुणाच्या पाठीवर बसून जवळच्या वाटेने जुनीच आत शिरलेली असते. कंपाइल होतं, टेस्टही पास होतात, आणि पालखीच्या दिवशी पावत्या छापायला गर्दी उसळली की ‘नोसचमेथडएरर’, म्हणजे हवी ती मेथडच सापडत नाही.

पालक प्रोजेक्टमध्ये साइट चालवली की हे पान सगळ्या मॉड्यूल्सचा एकत्र हिशेब मांडतं: कोणती लायब्ररी, किती आवृत्त्या, कुणाकुणामुळे. लाल ओळ दिसली की पालकाच्या ‘डिपेंडन्सीमॅनेजमेंट’मध्ये एक आवृत्ती पक्की करायची. पान मात्र नुसतं सांगतं, अडवत नाही. बिल्ड अडवायचं असेल तर एन्फोर्सर प्लगइनचा ‘डिपेंडन्सीकन्व्हर्जन्स’ नियम लावा. जुन्या प्रोजेक्टला तो पहिल्याच दिवशी लावू नका, सगळी टीम अंगावर येईल.

जॅकोकोचं पान येतच नाही, किंवा कव्हरेज शून्य दिसतं.

आधी बघा, टेस्ट चालल्या होत्या का? ‘एमव्हीएन क्लीन साइट’ म्हटलंत तर डीफॉल्ट लाइफसायकल चाललीच नाही. ‘टार्गेट’मध्ये ‘जॅकोको डॉट एक्झेक’ नाही, मग जॅकोको ‘डेटा फाइल नाही, म्हणून वगळतो’ असं लॉगमध्ये म्हणून गप्प बसतो. ‘एमव्हीएन क्लीन व्हेरिफाय साइट’ म्हणा.

दुसरं, जॅकोको दोन्हीकडे लागतो. ‘प्रिपेअर-एजंट’ गोल ‘बिल्ड’मध्ये, कारण टेस्ट सुरू व्हायच्या आधी नोंद ठेवणारा एजंट चिकटवायचा असतो, ‘रिपोर्ट’ गोल ‘रिपोर्टिंग’मध्ये.

तिसरं कारण लपून बसतं. जॅकोको आपला एजंट ‘आर्गलाइन’ या प्रॉपर्टीतून टेस्ट चालवणाऱ्या शुअरफायरला देतो. तुम्ही मेमरी वाढवायला शुअरफायरच्या कॉन्फिगरेशनमध्ये स्वतःची ‘आर्गलाइन’ लिहिलीत की जॅकोकोची पुसली गेली. टेस्ट मजेत चालतात, कव्हरेज मात्र नाही. तुमच्या ओळीच्या सुरुवातीला ॲट चिन्ह आणि महिरपी कंसात ‘आर्गलाइन’ लिहा. डॉलर नाही, ॲट. डॉलरवालं मेव्हन फार लवकर सोडवतो, जॅकोकोने किंमत भरायच्या आधीच.

रिपोर्टसाठी टेस्ट दोनदा चालतात. वेळ जातो.

शुअरफायर-रिपोर्टचा ‘रिपोर्ट’ गोल स्वतः टेस्टपर्यंतचा टप्पा पुन्हा चालवतो. आधी ‘व्हेरिफाय’ केलं असेल तर ‘रिपोर्ट-ओन्ली’ वापरा. तो ‘टार्गेट’मधले तयार निकाल उचलतो.

चेकस्टाइलने सहा हजार चुका काढल्या. कोड इतका वाईट आहे?

नाही. तुम्ही नियमांची फाइल दिली नाहीत, म्हणून त्याने मूळचे ‘सन’ कंपनीचे नियम लावले, आणि ते प्रत्येक पॅरामीटरला ‘फायनल’ मागतात. आपली फाइल ‘कॉन्फिगलोकेशन’मध्ये द्या. सुरुवातीला आठ-दहा नियम पुरेत.

पीएमडीच्या (कोडातल्या संभाव्य चुका शोधणाऱ्या प्लगइनच्या) पानावर ओळीचा नंबर दिसतो, पण त्यावर क्लिक होत नाही.

सोर्सची पानं ‘जेएक्सआर’ प्लगइन बनवतो. तो ‘रिपोर्टिंग’मध्ये जोडा.

‘वेब’ मॉड्यूलची लिंक दाबली की पान सापडत नाही. एकेकटी साइट तर उघडते.

प्रत्येक मॉड्यूलची साइट त्याच्या स्वतःच्या ‘टार्गेट’मध्ये बनते. पालकाच्या लिंका मात्र सगळ्या साइट्स एकाखाली एक मांडल्या आहेत असं धरून लिहिलेल्या असतात. म्हणजे लिंक बरोबर, घरंच वेगवेगळ्या वाड्यांवर. ‘एमव्हीएन साइट साइट:स्टेज’ चालवा. पालकाच्या ‘टार्गेट’खाली ‘स्टेजिंग’मध्ये सगळं एकत्र येतं आणि लिंका चालतात. त्यासाठी पालकाच्या ‘डिस्ट्रिब्यूशनमॅनेजमेंट’मध्ये साइटची यूआरएल लिहिलेली असू द्या. मॉड्यूल्सचे सापेक्ष रस्ते तिच्यावरूनच काढले जातात.

‘अॅग्रिगेट’ जावाडॉक, म्हणजे सगळ्या मॉड्यूल्सच्या कोडची एकत्र माहितीपानं, मागवत असाल तर त्याचा वेगळा ‘रिपोर्टसेट’ करा आणि त्यात ‘इनहेरिटेड’ फॉल्स लिहा. नाहीतर तो वारसा तिन्ही मॉड्यूल्सकडे जातो आणि प्रत्येक जण आपापलं ‘एकत्र’ जावाडॉक काढत बसतो.

रिपोर्ट फोल्डरात आहेत, मेनूत नाहीत.

तुम्ही ‘एसआरसी’मधल्या ‘साइट’ फोल्डरात स्वतःची ‘साइट डॉट एक्सएमएल’ लिहिली आहे, आणि तिच्यात ‘रेफ’ला ‘रिपोर्ट्स’ अशी किंमत दिलेला ‘मेनू’ टॅग नाही. ती एक ओळ टाका. मॉड्यूल्सच्या लिंकांसाठी तशीच ‘मॉड्यूल्स’ची. एकूण काय वारसाने आलंय ते ‘एमव्हीएन साइट:इफेक्टिव्ह-साइट’ दाखवतो.

आणि मार्कडाउनमध्ये स्वतःचं ‘इंडेक्स’ पान लिहिलंत तर प्लगइनचं ‘इंडेक्स’ वगळलं जातं. लॉगमध्ये तशी सूचना येते, ती चूक समजू नका.

साइटच्या पानांत देवनागरी मजकूर लिहिला तर भलतीच अक्षरं येतात.

गोव्यात हा प्रश्न यायचाच. इथे राजभाषा कायदा १९८७चा. देवनागरीतली कोंकणी राजभाषा, आणि सरकारी कामात मराठीही चालते. देवस्थानाच्या लोकांना तर प्रोजेक्टचं नाव, समितीचं नाव देवनागरीतच हवं असतं.

पालकाच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘प्रोजेक्ट.बिल्ड.सोर्सएन्कोडिंग’ आणि ‘प्रोजेक्ट.रिपोर्टिंग.आउटपुटएन्कोडिंग’ दोन्ही यूटीएफ-८ करा. दुसरी मूळची यूटीएफ-८च असते. आपण लिहिलेली पानं वाचताना घोटाळा होतो तो पहिलीमुळे. ती नसली की मेव्हन ‘प्लॅटफॉर्म एन्कोडिंग वापरतोय’ असा इशारा देऊन मशीनचं एन्कोडिंग घेतो. लिनक्सवर म्हणून चालून जातं आणि विंडोज लॅपटॉपवर मोडतं. जावा १८ पासून विंडोजवरही यूटीएफ-८ मूळचंच झालं, तरी प्रॉपर्टी लिहाच. ऑफिसात कुणाकडे जावा ८ निघेल सांगता येत नाही.

मग पानांवरचे मथळेही मराठीत करता येतील?

हो, आणि हे फारसं कुणी करून बघत नाही. प्रोजेक्ट-इन्फो-रिपोर्ट्समध्ये ‘कस्टमबंडल’ नावाचं पॅरामीटर आहे. ‘एसआरसी’तल्या ‘साइट’खाली ‘कस्टम’ फोल्डरात ‘प्रोजेक्ट-इन्फो-रिपोर्ट्स’ नावाची प्रॉपर्टीज फाइल ठेवली की प्लगइन तिच्यातले शब्द वापरतो. ‘डिपेंडन्सीज’च्या जागी आम्ही ‘वापरलेल्या लायब्रऱ्या’ केलं, ‘टीम’च्या जागी ‘काम करणारी मंडळी’. अक्षरं युनिकोड एस्केपमध्ये लिहा, म्हणजे जावा ८ वरही गोंधळ होत नाही. शब्दांवर मात्र आमच्यात दोन दिवस वाद झाला. ‘अवलंबित्वे’ असा प्रस्ताव एकाने आणला होता. तो चहाच्या टपरीवरच निकालात निघाला.

पावसात नेट गेलं की साइट तासभर लटकते.

सगळी जार एकदा उतरलेली असतील तर कमांडला ‘-ओ’ लावून ऑफलाइन चालवा. ‘डिपेंडन्सीज’ पान तरीही जड वाटत असेल तर ‘डिपेंडन्सीडिटेल्सएनेबल्ड’ फॉल्स करा. मग प्रत्येक जार उघडून क्लास मोजायचं काम वाचतं. २.एक्स मालिकेवर असाल तर ‘डिपेंडन्सीलोकेशन्सएनेबल्ड’ही बंद करा. प्रत्येक लायब्ररी प्रत्येक रिपॉझिटरीत आहे का, हे तो नेटवर विचारत सुटतो. फक्त मजकुराची पानं तपासायची असतील तर ‘-डीजनरेटरिपोर्ट्स=फॉल्स’ लावा, रिपोर्ट वगळले जातात.

आम्ही पूर्ण साइट रात्रीच्या बिल्डमध्येच काढतो. दिवसा प्रत्येक कमिटला काढण्यात अर्थ नाही.

ग्रेडलवर (मेव्हनसारख्याच दुसऱ्या साधनावर) असू तर?

‘प्रोजेक्ट-रिपोर्ट’ नावाचा प्लगइन ग्रेडलसोबतच येतो. ‘एचटीएमएलडिपेंडन्सीरिपोर्ट’ टास्क चालवा, ‘बिल्ड’मधल्या ‘रिपोर्ट्स’खाली पानं मिळतील. मेव्हनसारखी बांधीव साइट तो देत नाही.

साइट ब्राउझरमध्ये बघायला ‘साइट:रन’ करतो तर पोर्ट बिझी आहे म्हणतो.

तो ८०८० वर उठतो, आणि तिथे तुमचा टॉमकॅट सर्व्हर आधीच बसलेला असतो. ‘-डीपोर्ट=९०९०’ द्या.